म्हणे स्क्रीनमध्ये फरक नाही!

किस्से कोणी ठरवून जमवत नाही हो. डबा उघडला, लोणच्याची बाटली फिरली, की कोणीतरी म्हणतंच, "शुभांगीताई, तो टॅब्लेटचा किस्सा सांगा ना!" मी म्हणते, "कुठला?" एक असेल तर सांगू ना! आमच्या ऑफिसात टॅब्लेट आले आणि किस्से असे साठत गेले की एक सांगायला घ्यावा, तर दुसरा त्याच्या मागोमाग दारात उभा. मग जेवणाची सुट्टी संपते आणि आमचे मालक हर्षदभाई कॅबिनमधून डोकं बाहेर काढून बघतात, की एवढं हसायला झालंय काय. त्यांच्यावरच हसतोय हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. माणूस मनाने वाईट नाही, म्हणून तर आम्ही तोंडावर हसू शकतो.

आधी ओळख करून देते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई बोलतेय कोणाबद्दल. आमचं ऑफिस बडोद्यात, सयाजीगंजमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. खाली सेव-उसळवाला, त्यामुळे दुपारी बारानंतर कोणाचं लक्ष कामात राहत नाही. केमिकल प्लांटमधल्या पाइपांची ड्रॉइंग्ज आम्ही बनवतो. कुठला पाइप कुठून निघाला, कुठे वळला, कुठे व्हॉल्व्ह बसला, सगळं एका मोठ्या कागदावर. हर्षदभाई इथल्या वाडी भागात वाढलेले, शेजारपाजार सगळा मराठी. त्यामुळे मराठी आमच्यासारखंच बोलतात, फक्त मध्येमध्ये गुजराती सांडतं. शिर्के ड्रॉइंग काढतात. केतन कॉम्प्युटरचं आणि खरेदीचं बघतो. आणि मी चेकर. शिर्क्यांनी काढलेलं मी तपासते आणि मग आमचं भांडण होतं, असा रोजचा क्रम.

तपासायची आमच्याकडे एक रीत आहे. प्रत्येक रेघेवर, प्रत्येक आकड्यावर पिवळं हायलायटर फिरवायचं. बरोबर असेल तर पिवळं, चूक असेल तर लाल पेनाने गोल. काही सोडायचं नाही. सगळं ड्रॉइंग हळदीच्या नवरीसारखं पिवळं झालं की खाली कोपऱ्यात 'तपासणार' अशी एक चौकट असते, तिच्यात माझी सही. ती सही बघून पुढे प्लांटवरचा फिटर पाना घेऊन पाइपाखाली उभा राहतो. मी जगाची थट्टा करते, पण त्या चौकटीची थट्टा मी कधी केली नाही. करूही देत नाही.

*

तर एके दिवशी हर्षदभाई कुठलंसं प्रदर्शन बघून आले आणि दारातूनच ओरडले, "कागद बंद! आता सगळं टॅब्लेटवर!"

केतन दुकानातून दोन नमुने घेऊन आला. एक साधा, एक भारी रिझोल्यूशनचा. बाहेरून दोन्ही सारखेच. हर्षदभाईंनी ते टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि आम्हाला बोलावलं. "सगळ्यांनी बघा. आपल्याकडे लोकशाही छे."

मला वाटलं, आता ड्रॉइंग उघडतील. कसलं काय! त्यांनी उघडला नवरात्रीतला फोटो. गरब्याच्या मैदानात, स्वतः गरबा खेळता खेळता, एका हाताने काढलेला. दोन्ही स्क्रीनवर तोच.

"बोला, फरक दिसतो?"

शिर्के म्हणाले, नाही. केतन म्हणाला, नाही. हर्षदभाई खूश. "जोयुं? कंई फरक नथी!"

मी म्हटलं, "सर, फोटोच हललाय! ह्यात बाई कोण आणि पुरुष कोण हेसुद्धा कळत नाही, स्क्रीनमधला फरक काय डोंबल कळणार?"

हर्षदभाईंनी माझ्याकडे शांतपणे बघितलं. "बेन, ती मधली माझी मिसेस आहे."

लोकशाही तिथेच संपली. भारी नमुना दुकानात परत गेला आणि साधे टॅब्लेट सगळ्यांच्या टेबलावर आले.

*

आता एक गोष्ट कबूल करते, म्हणजे तुम्ही मला स्क्रीनची भक्त समजणार नाही. पुष्कळ लोकांना फरक खरंच कळत नाही. आणि ज्यांना कळतो असं ते सांगतात, त्यांना तर मुळीच कळत नाही!

आमचा केतनच घ्या. ऑफिससाठी साधे टॅब्लेट आणणारा हा गृहस्थ, स्वतःसाठी मात्र भारीतला भारी घेऊन बसला होता. जेवताना क्रिकेटची मॅच लावायचा आणि आम्हाला पिक्सेलवर प्रवचन द्यायचा. "ताई, बघा, बॉलची शिवण दिसते! तुमच्यात दिसणार नाही."

"अरे, मग ऑफिसला का नाही आणलास असा?"

"ऑफिसच्या कामात फरक पडत नाही ना!"

म्हणजे मॅच बघायला फरक पडतो, ॲसिडचा पाइप बघायला पडत नाही! मला अस्सा राग आला. पण शिर्के माझ्यापेक्षा थंड डोक्याचे. ते केतनच्या मागे उभे राहून बराच वेळ त्या स्क्रीनकडे निरखून बघत होते. मग त्यांनी हात पुढे केला, स्क्रीनच्या कोपऱ्यात नख घातलं आणि सर्रकन एक प्लास्टिक सोलून काढलं. दुकानातून येताना खोक्यात जे संरक्षणाचं प्लास्टिक असतं ना, ते! महाराजांनी काढलंच नव्हतं. इतके महिने त्या ढगाळ प्लास्टिकमधून त्यांना बॉलची शिवण दिसत होती!

केतनने स्क्रीन बघितली आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "अरे, आ तो नवुं थई गयुं!"

त्या दिवसापासून पिक्सेलवरचं प्रवचन बंद आहे.

*

पण ड्रॉइंग म्हणजे मॅच नव्हे. हे मी सांगून दमले होते, ते शिर्क्यांना एका फोनने पटलं.

आमच्याकडे सलग रेघ म्हणजे नवा पाइप, जो अजून टाकायचाय. आणि तुटक तुटक रेघ म्हणजे जुना पाइप, जो तिथे आधीपासून आहे. साधं आहे, पहिल्या दिवशी शिकवतात. पण आमच्या त्या साध्या टॅब्लेटवर अख्खं ड्रॉइंग एकदम बघितलं की बारीक तुटक रेघेतल्या फटी मिटून जायच्या. एकदम सलग! शिर्क्यांनी तशाच एका रेघेकडे बघून प्लांटवर निरोप धाडला, की उत्तरेच्या भिंतीलगत नवा पाइप टाकायचाय, माणसं तयार ठेवा. ते ड्रॉइंग माझ्याकडे यायचंच होतं, पण ह्यांना घाई.

दुपारी तिथल्या सुपरवायझरचा फोन आला. शिर्क्यांनी स्पीकरवर लावला, कारण हातात उसळीची वाटी.

"शिर्केसाहेब, उत्तरेच्या भिंतीलगतच ना?"

"हो, हो. तिथेच टाकायचा."

"पण साहेब, पाइप तर आहे इथे."

"नाही हो, नवा टाकायचाय. नीट बघा."

"नीट काय बघू, साहेब? मी त्यालाच टेकून बोलतोय!"

शिर्क्यांची वाटी तशीच हातात राहिली. मी मात्र पोटभर हसून घेतलं.

*

हर्षदभाईंकडे गेलो तर ते म्हणाले, "एमां शुं? झूम करो ने!"

झूम करा. जगातल्या सगळ्या प्रश्नांवर हर्षदभाईंचं हे एकच उत्तर. मी म्हटलं, "सर, झूम केलं की एक व्हॉल्व्ह दिसतो टपोरा. पण तो पाइप आला कुठून आणि चाललाय कुठे, हे दिसत नाही. लहान केलं की रस्ता दिसतो, पण व्हॉल्व्ह जातो. मी तपासू काय? अर्धा हत्ती?"

"चालशे, बेन. सवय होईल."

सवय झाली खरी. शिर्के दिवसभर दोन बोटांनी स्क्रीन फाकवायचे आणि मिटवायचे, फाकवायचे आणि मिटवायचे. संध्याकाळी त्यांना एक जुनं कागदी ड्रॉइंग बघायला दिलं. त्यांनी चष्मा सारखा केला आणि कागदावर दोन बोटं ठेवून फाकवली. काही मोठं होईना. पुन्हा फाकवली. मग हळूच वर बघितलं, की कोणी पाहिलं तर नाही ना.

मी पाहिलं होतं. "चालशे, शिर्के," मी म्हटलं, "सवय होईल!"

*

त्याच आठवड्यात शिर्क्यांना एक व्हॉल्व्ह सापडला. चांगला मोठा शोध! "शुभांगीताई, ह्या लाइनवर हा व्हॉल्व्ह कुठून आला? मी काढलेलाच नाही!" आणि माझी वाट न बघता स्वतःच लाल गोल मारून मोकळे.

मी झूम केलं. रेघ मोठी झाली, व्हॉल्व्ह होता तेवढाच राहिला. शेजारी सरकवलं. रेघ सरकली, व्हॉल्व्ह तिथेच.

मी पदराने पुसला. मेथीच्या खाखऱ्याचा तुकडा होता.

तुम्ही हसाल, पण मला सांगा, ज्या स्क्रीनवर खाखऱ्याचा तुकडा आणि व्हॉल्व्ह सारखे दिसतात, तिच्यावर बघून मी सही करायची? हेच मी हर्षदभाईंना विचारलं. ते म्हणाले, "ऑफिसमां खाखरा बंध!" आणि भिंतीवर तशी सूचनासुद्धा लागली. स्क्रीन तशीच राहिली!

*

मग विषय माझ्या डोळ्यांवर आला. येणारच होता म्हणा. यंत्राचं चुकतं असं म्हणणारी बाई पन्नाशी उलटलेली असली, की लोक यंत्र सोडून बाईच तपासतात.

हर्षदभाई फार गोड आवाजात म्हणाले, "शुभांगीबेन, वाईट वाटून घेऊ नका. उमर थाय. डोळे जरा दाखवून घ्या ने."

वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? घरी येऊन मी पोळ्या अशा लाटल्या की पोळपाट सरकत होता. यजमान म्हणाले, "अगं, दाखवून ये ना. त्यात काय एवढं?" तेही तसलंच बोलले म्हणून त्यांच्याशीही बोलले नाही. पण दुसऱ्या दिवशी समा रोडवर आमच्या नेहमीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलेच. म्हटलं, होऊन जाऊ दे!

डॉक्टरांनीही नवीन थाट केला होता. भिंतीवरचा पांढरा तक्ता गेला आणि तिथे स्क्रीन आलेली. "वाचा, ताई."

मी चष्मा लावून वाचत गेले. वरची ओळ, मधली ओळ, खालची ओळ. डॉक्टर खूश. शेवटच्या ओळीत मी थांबले.

"काय झालं? दिसत नाही?"

"दिसतंय. पण डॉक्टर, ह्या अक्षराच्या तिरक्या रेघेला पायऱ्या पडल्यात. सरळ नाहीये ती. तुमची स्क्रीन हलकी आहे, बदलून घ्या."

डॉक्टर उठले, स्क्रीनपाशी जाऊन नाक लावून बघितलं, आणि परत खुर्चीत येऊन बसले. मग कागदावर लिहिता लिहिता म्हणाले, "चष्म्यासकट दृष्टी उत्तम. स्वभावावर माझ्याकडे औषध नाही."

तो कागद मी हर्षदभाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी वाचला, घडी केली आणि परत दिला.

"सरस, बेन. आता डोळे चांगले आहेत, तर साध्या स्क्रीनवर पण दिसणार ने?"

बोला आता! ह्या माणसापुढे डोकं आपटायचं तरी कुठे?

*

मी ठरवलं, टॅब्लेटवर बघून सही करायची नाही. नाही म्हणजे नाही. पण ऑफिसातला प्रिंटर तर 'कागद बंद'मध्ये झाकून ठेवलेला. मग मी पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकला आणि खाली रस्ता ओलांडून झेरॉक्सच्या दुकानात गेले. तिथे युनिव्हर्सिटीची पोरं प्रोजेक्ट घेऊन रांगेत. मीही उभी राहिले रांगेत. एक मुलगी म्हणाली, "आंटी, तुमचं कोणतं इअर?" मी म्हटलं, "शेवटचं असेल बहुतेक!"

मोठा कागद हातात आला. पण पसरायचा कुठे? पार्किंगमध्ये स्कूटर एका ओळीत उभ्या होत्या. चार सीटवर कागद पसरला, कोपऱ्यांवर हेल्मेटं ठेवली आणि पिवळं हायलायटर काढून सुरू झाले. काय सांगू तुम्हाला, इतक्या दिवसांनी सगळं ड्रॉइंग एका नजरेत! तुटक ते तुटक, सलग ते सलग. बघणारी माणसं जमली. सेव-उसळवाला झारा घेऊन बाहेर आला. मला काही सुचत नव्हतं, मी आपली पिवळं करत सुटले होते.

वर खिडकीत हर्षदभाई दिसले. मग जिन्यात दिसले. मग धापा टाकत माझ्यासमोर.

"बेन! क्लायंटचं ड्रॉइंग स्कूटरवर? आपली काही इज्जत छे के नहीं?"

"स्कूटरवर निदान दिसतं तरी, सर!"

मागे कोणीतरी हसलं. तिथेच चुकलं माझं म्हणा किंवा त्यांचं. मालकाला चारचौघांत आपलं हसं झालेलं चालत नाही. त्यांनी कागद गुंडाळला आणि वर गेल्यावर कॅबिनमध्ये बोलावून सांगितलं, की हे आता बस झालं. ह्या शनिवारी जुन्या ॲसिड लाइनचं ड्रॉइंग घ्यायला प्लांटचे साहेब येणार आहेत. त्यावर टॅब्लेटवर बघून माझी सही झाली तर ठीक. नाहीतर सोमवारपासून मी डिस्पॅचच्या टेबलावर. म्हणजे कोणी काढलेलं, कोणी तपासलेलं, मी फक्त पाठवायचं.

मी "बरं" म्हटलं आणि बाहेर आले. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. रागाने रडले, हे लिहून घ्या! बडोद्याच्या आसपासच्या अर्ध्या प्लांटमध्ये त्या चौकटीत माझी सही आहे. कोणी तिकडे बघत नाही, मला माहीत आहे. पण मला ती कुठे आहे ते माहीत आहे. ती काढून घेतली तर मी तिथे राहू कशाला?

घरी यजमान म्हणाले, "कर ना सही एकदाची. कोण बघतंय?"

"फिटर बघतो," मी म्हटलं आणि दिवा मालवला.

*

आता शेवटचा. हा सांगताना शिर्के नेहमी हातातला घास खाली ठेवतात.

त्याच आठवड्यात हर्षदभाईंची मुलगी कॅनडाहून आली आणि बापासाठी टॅब्लेट घेऊन आली. भारीतला भारी. हर्षदभाई तो घेऊन टेबलाटेबलाशी हिंडले. नातवाचे फोटो, नातवाची सायकल, नातवाचा बर्फ. आम्ही सगळ्यांनी वा वा केलं. शिर्क्यांनी भोळा चेहरा करून विचारलं, "सर, स्क्रीनमध्ये काही फरक?"

"अरे, गिफ्ट छे! एमां फरक शुं जोवानो?" म्हणून तो कॅबिनमध्ये ठेवून दिला.

शनिवारी प्लांटचे परमारसाहेब आले. बोलायला अगदी मऊ माणूस. चहा झाला. काम असं होतं, की दोन पाइप अगदी शेजारी शेजारी जातात. एक जुना, त्यातून ॲसिड वाहतं, ते बंद होणार नव्हतं. दुसरा ह्याच कामातला नवा, अर्धा टाकून झालेला, अजून रिकामा. हा रिकामा खोलून त्याला पुढचा तुकडा जोडायचा. ड्रॉइंगवर जुना तुटक, नवा सलग. मधलं अंतर म्हणाल तर एका केसाचं.

हर्षदभाईंनी ऑफिसचा टॅब्लेट माझ्यापुढे सरकवला. "शुभांगीबेन, सही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. केतन, शिर्के, परमारसाहेब. मी पेनाला हात लावला नाही. आवाजही पडला नाही, तेवढं बरं झालं.

"सर, ह्या स्क्रीनवर मला दोन्ही पाइप सलग दिसतात. मी सही करणार नाही."

"झूम करून बघा ने."

"बघितलं. झूम केलं की कळतं. पण मग तो कुठल्या टोकाला जातो ते सुटतं, आणि परत येईपर्यंत मी दुसऱ्या पाइपावर पोचलेली असते. असं एकदा नाही झालं. तुम्ही मला डिस्पॅचला बसवा. घरी बसवा. ह्याच्यावर माझं नाव यायचं नाही."

हर्षदभाईंचा चेहरा लाल झाला. क्लायंटपुढे! त्यांनी टॅब्लेट स्वतःकडे ओढला. "ठीक छे. कंपनी माझी आहे. तपासणारमध्ये मी सही करतो. परमारसाहेब, पाच मिनिटं."

परमारसाहेब म्हणाले, "करो ने, हर्षदभाई. निरांते करो. सोमवारी सकाळी माझी माणसं हेच बघून पाइप खोलणार आहेत. त्यात माझ्या बहिणीचा मुलगा पण आहे."

एवढंच म्हणाले आणि पुन्हा चहाचा कप उचलला.

हर्षदभाईंनी टॅब्लेटचं पेन घेतलं. पिवळा रंग निवडला आणि पहिल्या पाइपावर टेकवला. थोडं पुढे नेलं. थांबले. मागे आणलं. दोन बोटांनी मोठं केलं, डावीकडे सरकवलं, लहान केलं. चष्मा कपाळावर चढवला, परत नाकावर घेतला. खिशातून रुमाल काढून स्क्रीन पुसली. पुन्हा मोठं केलं. स्क्रीन तोंडाजवळ आणली, मग हात लांब करून धरली. शिर्के खाली मान घालून बसले होते. केतन छताकडे बघत होता. मी हर्षदभाईंकडेच बघत होते, आणि खरं सांगते, मला तेव्हा हसू येत नव्हतं.

त्यांनी पेन खाली त्या चौकटीशी नेलं. तिथे अधांतरी धरलं. परमारसाहेबांच्या कपाचा बशीवर आवाज झाला.

हर्षदभाईंनी पेन टेबलावर ठेवलं. घसा खाकरला. आणि कोणाकडेही न बघता म्हणाले,

"केतन, केबिनमधून मारुं टॅबलेट घेऊन ये ने."